पाहुण्यांची अस्वच्छता आणि यजमान गाव

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस सात-आठ किलोमीटरवर वसलेले नवापूर हे गाव दोन गोष्टींमुळे ओळखले जाते. एक म्हणजे तेथील वाळूचा किनारा, आणि दुसरी म्हणजे तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी समुद्राकडे वाहून नेणारी वाहिनी. पहिल्या गोष्टीसाठी पाहुणे येतात. दुसरीचा उल्लेख त्यांच्यापुढे करताना गावकरी संकोचतात. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि केळवे, शिरगाव, नवापूर, चिंचणी, बोर्डी ही गावे मुंबईकराच्या एका दिवसाच्या टप्प्यात आली. मासेमारी आणि वाडीचे उत्पन्न ह्यांवर चालणाऱ्या कुटुंबांना दोन खोल्या भाड्याने देऊन चार पैसे मिळू लागले. ह्या मिळकतीबरोबर जो एक त्रास घरात आला, त्याची चर्चा गावात ओट्यावर होते, परंतु ग्रामसभेत क्वचित होते. तो त्रास म्हणजे पाहुण्यांच्या अस्वच्छतेचा.

ह्या विषयाकडे किरकोळ म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. पाहुणा म्हटला की केरकचरा आलाच, असे म्हणून तो सोडून दिला जातो. परंतु तो केर कोण काढतो, हा प्रश्न विचारला की विषयाचे स्वरूप पालटते.

समुद्रालगतच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने देणारे एखादे कुटुंब डोळ्यापुढे आणावे. सहा जणांसाठी म्हणून खोल्या ठरतात आणि शनिवारी दुपारी दोन मोटारींतून अकरा माणसे उतरतात. समुद्रात डुंबून आलेली मुले वाळूने माखलेल्या पायांनी थेट गाद्यांवर चढतात. रात्री अंगणात चूल पेटते. कोंबडीची हाडे आणि कागदी ताटल्या तुळशीवृंदावनापर्यंत पसरतात. मोरीत मासळीची खवले अडकतात, तान्ह्या मुलाचे डायपर संडासात टाकले जाते. रविवारी परतीची घाई असते, त्यामुळे ओले टॉवेल पलंगावर, फुटलेली बाटली कुंपणाशी आणि उरलेला भात तसाच पातेल्यात राहतो. पाहुणे वाईट नसतात. निघताना ते आजींच्या पाया पडतात, वाडीतले दोन नारळ मागून घेतात, पुन्हा येऊ म्हणतात. सोमवारी पहाटे घरची सून विहिरीवर पाणी शेंदून आठ चादरी धुवावयास बसते, आणि त्या दिवशी तिची सुकी मासळी बाजारात जात नाही.

भाड्याच्या रकमेतून ह्या सोमवारची मजुरी कोणी वजा करीत नाही. खोलीचे भाडे घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती पडते आणि केरसुणी बाईच्या हाती, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे. पाहुण्यांच्या अस्वच्छतेची खरी किंमत मोजायची तर ती ह्या बाईच्या दिवसांत मोजली पाहिजे.

मग यजमान बोलत का नाहीत? एक कारण जुने आहे आणि एक नवे. जुने कारण म्हणजे अतिथीला देव मानण्याची शिकवण. आलेल्या माणसाला 'पाय धुऊन या' म्हणणे घरातील वडीलधाऱ्यांना अपमानाचे वाटते. वस्तुतः अतिथी ह्या शब्दाचा रूढ अर्थ ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असा आहे. वाट चुकलेला, रात्र झालेला, भुकेला माणूस त्या शिकवणीच्या डोळ्यापुढे होता. तारीख ठरवून, दर विचारून, आगाऊ रक्कम पाठवून येणारा माणूस हा आदरणीय पाहुणा खरा, पण तो त्या अर्थाने अतिथी नव्हे. त्याच्याशी झालेला व्यवहार हा व्यवहार आहे, आणि व्यवहारात दोन्ही बाजूंना कर्तव्ये असतात. नवे कारण मोबाईल फोनमध्ये आहे. खोल्यांची मागणी आता पुष्कळशी तेथूनच येते आणि जाताना पाहुणा घराला गुण देतो. दोन तारे कमी पडले तर पुढचा हंगाम बुडेल, ह्या धास्तीने यजमान ओठ मिटून घेतो. अकराव्या माणसाबद्दलही तो बोलत नाही.

आपल्याकडे वाटसरूंच्या निवाऱ्याची परंपरा मोठी आहे आणि तिच्यातून काही शिकण्यासारखे आहे. संत गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. ज्यांच्या हातातून खराटा सुटला नाही असा हा पुरुष. गावात आल्यावर आधी गाव झाडावयाचा आणि मग कीर्तनास उभे राहावयाचे, हा त्यांचा परिपाठ. अशा धर्मशाळांतून उतरणाऱ्याने आपली जागा झाडून जावी, आपली चूल आपण सारवावी, ही रीत होती. तेथे केर काढणे हे कमीपणाचे मानले जात नव्हते, कारण जागा बांधणाराच केर काढीत होता. आजच्या भाड्याच्या खोलीत केरसुणी मात्र कपाटामागे लपवून ठेवलेली असते! पाहुण्याला ती दिसू नये ह्यात पाहुणचार आहे अशी समजूत आहे. केरसुणी आणि सुपली दाराशी दिसेल अशी ठेवली तर निम्मे पाहुणे न सांगता ती उचलतील, असा विश्वास बाळगण्यास हरकत नाही.

सरकारी कायद्यांनी मात्र फार पूर्वीपासून सारा भार यजमानावर टाकला. १८६७ साली ह्या देशात सराईंविषयी एक कायदा झाला. त्यात सराई चालविणाऱ्याने खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि पाण्याच्या विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, सांसर्गिक रोगाने कोणी आजारी पडल्यास जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे, पहारेकरी नेमावा, दरपत्रक लावावे, असे सर्व बारकाईने सांगितले होते. सराईत उतरणाऱ्याने काय करावे ह्याविषयी त्यात फारसे काही नव्हते. त्या काळच्या कायद्याकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही. परंतु स्वच्छता हे केवळ मालकाचे काम, ही समजूत किती जुनी आहे हे त्यावरून दिसते.

आजचा मार्ग कराराचा आहे. खोली ठरविताना, म्हणजे पैसे घेण्यापूर्वी, माणसांची संख्या, स्वयंपाक कोठे करावयाचा, बाटल्या व कचरा कोठे ठेवावयाचा, रात्री गलबला किती वाजेपर्यंत चालेल, आणि खोली सोडताना ती कोणत्या स्थितीत असावी, ह्या पाच-सहा गोष्टी लेखी कळवाव्यात. आल्यावर कळविलेला नियम पाहुण्याला अडवणूक वाटते. आधी कळविलेला नियम त्याला अट वाटते, आणि अट पसंत नसेल तर तो दुसरीकडे जाण्यास मोकळा असतो. मंडळींपैकी एकाचे नाव जबाबदार म्हणून लिहून घ्यावे. अकरा जणांना सांगितलेली गोष्ट कोणालाच सांगितलेली नसते.

अनामत रकमेविषयी गैरसमज फार आहेत. पाहुण्याने घाण केली म्हणून सगळी अनामत जप्त करावी, असे काही मालक मानतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम नमूद केलेली असली तरी ती कमाल मर्यादा होय. प्रत्यक्षात वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. फुटलेल्या आरशासाठी आरशाची किंमत आणि बसविण्याची मजुरी घ्यावी. आरशाच्या नावाखाली आठ हजारांची अनामत ठेवून घेणे टिकणारे नाही. शिवाय पैसे देऊन सेवा घेणारा पाहुणा हा ग्राहक असतो आणि तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. म्हणून जास्तीच्या सफाईचा दर आधीच लिहावा: गादीचे आच्छादन खराब झाल्यास इतके, अंगणात चूल पेटवून राख न उचलल्यास इतके. आणि निघण्यापूर्वी अर्धा तास पाहुण्याला सोबत घेऊन खोली पाहावी. पाहुणा निघून गेल्यावर फोनवर केलेली तक्रार ही दोघांचीही संध्याकाळ नासवते आणि तिच्यातून एक रुपयाही हाती येत नाही.

तरीही कागद पुरेसा होत नाही, बोलावे लागतेच. कोकणपट्टीतील अनुभवी घरवाल्या बाया हे काम चांगले करतात. "काका, नळावर पाय धुऊन मग वर या हं, वाळू गादीत गेली की निघत नाही," असे पहिल्या दहा मिनिटांत हसत सांगितले की दोन दिवस पुन्हा सांगावे लागत नाही. "वहिनी, काटे ह्या डब्यात टाका, मांजरे ओढून नेतात," ह्या वाक्यात आज्ञा नाही, कारण आहे. मात्र त्या नळाची सोय दाराबाहेर असली पाहिजे, काट्यांचा डबा झाकणाचा असला पाहिजे, आणि ओल्या कपड्यांसाठी अंगणात दोरी बांधलेली असली पाहिजे. दोरी नसलेल्या घरात टॉवेल पलंगावरच पडणार. पाहुण्यांच्या पुष्कळशा अस्वच्छतेचे मूळ अशा न बांधलेल्या दोरीत असते, हे मालकांना ऐकावयास आवडत नाही.

एक गोष्ट मात्र हसत सांगून भागणारी नाही. संडासात टाकलेली डायपर, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक ही सेप्टिक टाकीत कुजत नाहीत. ती नळी तुंबवितात. टाकी भरून वर आली की यजमान घाईघाईने माणूस बोलावतो, आणि येणारा माणूस कोण असतो हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. टाकीतील विषारी वायूने गुदमरून माणसे मेल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाख केली. हा कायदा शहरातील गटारांपुरता आहे अशी समजूत खेड्यात आढळते. ती चुकीची आहे. दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या घराच्या मागल्या टाकीलाही तो लागू आहे. तेव्हा संडासात झाकणाची बादली व जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या ठेवणे आणि दारावर ठळक मराठी-हिंदी-गुजरातीत सूचना लावणे ह्यात टापटीप नव्हे, एखाद्याचा जीव आहे. टाकी उपसण्याचे काम ठरावीक मुदतीने यांत्रिक गाडीकडूनच होईल, ही व्यवस्था पंचायतीने लावून द्यावी. किनाऱ्याची वाळू पाणी लवकर मुरविते. टाकीचे पाझरलेले पाणी शेजारच्या विहिरीत पोहोचण्यास वेळ लागत नाही, आणि ज्या गावात गोडे पाणीच थोडे तेथे ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पाहुण्यांच्या अस्वच्छतेविषयी बोलताना आणखी एका घाणीविषयी बोलणे भाग आहे. 'अमक्या वस्तीतले लोक नकोत', 'तमक्या समाजाचे लोक घाण करतात', असे म्हणून खोली नाकारली जाते. भारताच्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणांवरून हॉटेले व दुकाने ह्यांत प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ ने अस्पृश्यतेच्या कारणावरून असा नकार देणे शिक्षेस पात्र ठरविले. पंढरीच्या वाटेवर अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा मिळत नव्हती म्हणूनच गाडगे महाराजांना चोखामेळ्याच्या नावाने तेथे वेगळी धर्मशाळा बांधावी लागली, हे विसरून चालणार नाही. मागल्या खेपेस ज्या माणसाने खोलीची नासधूस केली त्याला पुन्हा खोली न देण्याचा मालकास अधिकार आहे. त्याच्या आडनावाच्या दुसऱ्या माणसाला तो नाही.

इतरत्र ह्या प्रश्नाकडे कसे पाहिले गेले? गोव्याने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली भाड्याच्या खोल्यांनाही नोंदणीत आणले, आणि २००१ च्या पर्यटन स्थळांविषयीच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणे, मद्यपान करणे व बाटल्या फोडणे ह्यांसाठी एकट्यास दोन हजार आणि समूहास दहा हजार रुपये दंड ठेवला. जपानने १५ जून २०१८ पासून घरगुती निवासांसाठी वेगळा कायदा लागू केला. त्यात घर वर्षातून जास्तीत जास्त १८० दिवस भाड्याने देता येते. आणि कचरा कसा टाकावा व गोंगाट कसा टाळावा हे पाहुण्याला समजावून सांगण्याचे कर्तव्य मालकावर आहे, पाहुणा परदेशी असेल तर त्याला समजेल अशा भाषेत. अशा घरातील पाहुण्यांचा कचरा तेथे घरगुती नव्हे तर व्यवसायाचा कचरा मानला जातो आणि तो उचलण्याचा खर्च मालकाला वेगळा करावा लागतो. गोव्याचा रोख पाहुण्यावर आहे, जपानचा मालकावर. आपल्या गावांना दोहोंतले थोडे थोडे घ्यावे लागेल, पण त्यातल्या त्यात जपानची शेवटची गोष्ट पंचायतींनी नीट पाहावी. शेजारची विधवा बाई जितकी पट्टी भरते तितकीच पट्टी भरून दर आठवड्यास दहा पोती कचरा देणारे घर हे न्यायाचे नव्हे.

महाराष्ट्रात साधने नाहीत असे नाही. २०२० च्या धोरणाने केळवे व बोर्डी धरून आठ किनाऱ्यांवर कुटी उभारण्यास परवानगी देताना सकाळी सात ते सायंकाळी सात अशी वेळ घातली. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या राहत्या घराचे जोते, आराखडा व दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवण्याची मुभा दिली. ह्या मुभेचा गाभा 'राहते घर' हा आहे. मालक जेथे स्वतः राहतो तेथे पाहुणाही जपून वागतो. मालक बोरिवलीत आणि किल्ली पानाच्या ठेल्यावर, अशा बंगल्यांतच घाण सर्वाधिक होते हे गावकरी सांगतील. प्लास्टिकच्या बाबतीत राज्याने २३ मार्च २०१८ रोजी बंदी घातली आणि पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार, तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कैद ठेवली. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली पंचायतीला सामान्य स्वच्छता कर बसविता येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता ह्यांसाठी राखून ठेवला होता. कायदे आहेत आणि पैसाही येतो. भाड्याने दिल्या जाणाऱ्या खोल्यांची एक साधी नोंदवही मात्र किती पंचायतींच्या कपाटात आहे, हे सदस्यांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

शिक्षकांविषयी थोडेसे. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी टाकलेल्या बाटल्या सोमवारी शाळेच्या मुलांकडून वेचून घ्यावयाच्या आणि त्याचे छायाचित्र काढावयाचे, हा प्रकार आता थांबला तर बरे. मुले पाहुण्यांची नोकर नव्हेत, आणि फुटक्या काचा वेचणे हे मुलांचे काम नव्हे. त्यापेक्षा वरच्या वर्गातील मुलांनी किनाऱ्याचा शंभर पावलांचा एक पट्टा ठरवून त्यात दर सोमवारी काय काय पडले आहे ते मोजून वहीत लिहावे. असा तक्ता वर्षभर ठेवला तर ग्रामसभेपुढे तो कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलेल.

अखेर एका अवघड प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. नवापूरच्या यजमानाने पाहुण्याला बाटली उचलावयास सांगितली तर पाहुणा समुद्राकडे बोट दाखवितो: तुमच्या समुद्रात कारखान्यांचे पाणी चालते, मग माझी एक बाटली का चालत नाही? ह्याला उत्तर देणे सोपे नाही, कारण बोट ज्याकडे दाखविले ते खोटे नाही. त्या सांडपाण्याने मासेमारीचे नुकसान झाले म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणाबद्दल भरपाई बसविणारा निकाल दिला. म्हणजे ज्या किनाऱ्याला पाहुणा आधीच घाण समजतो, त्या किनाऱ्यासाठी तेथील लोक वर्षानुवर्षे लढले आहेत. बाटली फुटते ती त्यांच्याच पायांखाली; भरती-ओहोटीच्या वेळी अनवाणी होडी ओढणाऱ्या माणसाला काच कारखान्याची की पाहुण्याची हे कळत नाही. यजमानाने पाहुण्याला हे सांगण्यात संकोच करू नये. बहुतेक पाहुण्यांना ते कोणी सांगितलेलेच नसते.

आणि सांगितल्यावर पाहुण्याने ओला-सुका कचरा वेगळा करून दोन पिशव्या दाराशी ठेवल्या, तर त्या पिशव्यांचे पुढे काय होते, हे पंचायतीला सांगता आले पाहिजे. त्या दोन्ही एकाच ट्रॉलीत टाकून खाडीकाठी ओतल्या जात असतील, तर तो पाहुणा पुढच्या खेपेस एकच पिशवी ठेवील. कचऱ्याची गाडी गावात बुधवारी येते आणि पाहुणे रविवारी जातात, अशी स्थिती जेथे असेल तेथे पहिला ठराव गाडीचा वार बदलण्याचा करावा. ती सोमवारी सकाळी, कुत्री उठण्यापूर्वी, दाराशी आली पाहिजे.